बिनतेलाची मटकी

सेलू,
रविवार, १२ जानेवारी २०२५

प्रिय सिद्धोधन,
सप्रेम जय भीम.

तू, बबितावहिनी, सुकेशनी सगळे बरे असाल. सुलामावशीचे गुडघे थंडीत लय धरतात, आता कसे आहेत? इकडं ठीक आहे. राजेश्री मजेत आहे. शाळेत दहावीच्या सराव परीक्षा चालू आहेत आणि पोरं नेहमीसारखी भूमितीत गटांगळ्या खायलेत.

पत्र बघून म्हणशील, ह्या बाबाला काय झालं, मोबाईल असताना कागद काळे करायलाय. पण महिना होत आला, तू माझा फोन उचलत नाहीस. मेसेज टाकला की एकच टिक येते आणि तिथंच थांबते. पोस्टमनला काही कुणी ब्लॉक करत नाही, म्हणून हे पत्र. वर्गात पोरांना 'शुद्ध लिहा' म्हणून बोंबलायची सवय लागली, त्यामुळं तुलासुद्धा पुस्तकातल्यासारखं लिहितोय. मधेमधे गावचं निसटेल, ते तू समजून घेशील.

आधी बरी बातमी. माझं वजन तेरा किलोनं उतरलं. एकशे चारचा एक्क्याण्णव झालो. पँटी सगळ्या ढिल्या झाल्यात, राजेश्री म्हणते, "आता तरी पट्टा घ्या, वर्गात फजिती व्हायची." तुला माहीत आहे, जुलैत शुगर निघाली आणि डॉक्टरनी परभणीच्या मनिषा मॅडमकडं पाठवलं. त्या आहाराचं बघतात. वयानं माझ्या विद्यार्थिनी शोभतील, पण धाक असा की मी त्यांच्यापुढं हात मागं बांधून उभा राहतो.

मॅडमनी पहिल्या महिन्यात बाराशे कॅलरी दिल्या. एक वही पण करायला लावली. जेवल्यावर अर्ध्या तासानं पोट किती भरलं त्याचा आकडा लिहायचा, दहापैकी. मी म्हणलो, मास्तरला मार्क द्यायला काय अवघड! पण बाराशेवर माझा आकडा कधी तीनच्या वर गेला नाही. दुपारी दोनच्या तासाला फळ्यावरचं वर्तुळ मला भाकरीसारखं दिसायचं. पोरांवर नुसता खेकसायचो. एकदा राजेश्रीनं शेव कुठं लपवली ते हुडकायला मी धान्याची कोठी पालथी घातली. पन्नाशीला आलेला माणूस, कोपरापर्यंत हात ज्वारीत. ती दारात उभी राहून बघत होती. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दुसऱ्या महिन्यात पंधराशे केल्या. मला वाटलं, तीनशे वाढल्या, आता चैन. पण मी काय केलं, पोळी, चहा, बिस्किटं, थोडा चिवडा, असं मोजूनमापून पंधराशेत बसवलं. आकडा चार! मॅडम हसल्या. म्हणल्या, "सर, तेवढ्याच ठेवा, फक्त जिन्नस बदला." मग ज्वारीची भाकरी, घट्ट वरण, मटकीची उसळ, शेपू नाहीतर अंबाडी, वाटीभर ताक, आणि घास सावकाश. त्याच पंधराशे, सिद्ध्या, आणि आकडा आठ. मी चकित झालो. मधे मेहुण्याच्या घरच्या लग्नात तीन हजारांच्या वर हाणलं असेल, तर दोन तासांत परत भूक, तिथं पाच. मी रीतसर आलेख काढला. खाली कॅलरी, उभ्या बाजूला समाधान. म्हणलं सरळ रेषा येईल. कसली येते! ठिपके सगळे उधळलेले. खाणं वाढवलं की माणूस भरतो असं काही नाही, हे मला ह्या वयात कळलं.

तू म्हणशील, हे पुराण मला कशाला सांगतोस. खरंय. दोन पानं झाली, मी नुसता गोल फिरायलोय. तुझ्या जिंतूरच्या घराचं मला बोलायचंय आणि माझी जीभ वळेना.

घर लय छान बांधलंस. हे मी गृहप्रवेशाच्या दिवशी तोंडानं म्हणलोच नाही. समोरच्या खोलीत तुझ्या वडलांचा, दत्तरावकाकांचा फोटो लावलास, तोही छान. भन्तेजींनी वंदना घेतली, तुम्ही सगळे पांढऱ्या कपड्यांत बसला होता, सुकेशनी पहिल्या ओळीत. मी मागं खुर्चीवर होतो. एका बाजूला भुजंगकाका, दुसऱ्या बाजूला त्यांचा सूर्यभान. माझे वडील आबासाहेब आणि भुजंगकाका चुलतभाऊ, म्हणून त्यांच्यापुढं मी अजून पोरगाच. ते गावाकडून जीपनं आले होते. कशाला आले तेही मला माहीत आहे. त्यांच्या विहिरीच्या अनुदानाची फाईल पंचायत समितीत तुझ्या टेबलावर आहे. तुझ्या आनंदात आनंद वगैरे काही नव्हतं.

पंगत बसायला लागली. तू आलास, माझ्या खांद्यावर हात टाकलास आणि म्हणलास, "चल बन्सा, आपण दोघं संगं बसू." काका लगेच म्हणले, "आमचं राहू द्या साहेब, आज पौर्णिमा हाय, उपास हाय आमचा." सूर्यभान म्हणला, "मला बी हाय." सूर्यभानला उपास! तो पोरगा शिवरात्रीला अंडी खातो. मग दोघं माझ्याकडं बघायला लागले. आणि मी म्हणलो, "माझं डाएट चालू हाय रे. डॉक्टरनी न्हाई म्हणलंय. आणि पोट भरलेलंच हाय माझं."

तेवढ्यात मावशी ताट घेऊन आली. पंगतीतली पुरी-बुंदी नव्हे. माझ्यासाठी वेगळं, दोन भाकरी, येसराची आमटी, कांद्याची पात. तिनं सगळं ऐकलं होतं. म्हणली, "ऱ्हाऊ दे लेकरा. डॉक्टरचं ऐकावं माणसानं." अठ्ठ्याहत्तर वर्षांची बाई, दुखऱ्या गुडघ्यांनी ताट घेऊन परत आत गेली. मी खुर्चीवरून उठलोसुद्धा नाही. तू माझ्या खांद्यावरचा हात काढून घेतलास.

आता ऐक. डॉक्टरनी असं काही म्हणलेलं नव्हतं. मी आदल्या आठवड्यातच मॅडमना विचारलं होतं, की दोस्ताच्या नव्या घरी जायचंय आणि त्याची आई माझ्यासाठी रांधणार. त्या म्हणल्या, "एक दिवस वही बंद ठेवा, सर. पोटभर जेवा." तरी मी सकाळपासून एका बिनसाखरेच्या चहावर होतो. दिवसाच्या सगळ्या पंधराशे मावशीच्या हातच्या जेवणासाठी राखून ठेवल्या होत्या. ती आमटी आतून दरवळत होती आणि पोटात कावळे कोकलत होते. पोट भरलंय म्हणलो ना, तेव्हा माझा आकडा शून्य होता.

त्या दोघांनी उपासाचा आडोसा घेतला, मी डाएटचा घेतला. एवढाच फरक. नाही, तेवढाही नाही. त्यांच्या मनात तरी तुमच्याबद्दल कधी माया नव्हती. मला तर मावशीनं वाढवलंय.

पुढचं तू बघितलंस, पण अर्धंच बघितलंस. मी त्यांच्याच जीपमध्ये निघालो, देवगाव फाट्यावर उतरून सेलूची बस धरायची म्हणून. वाटेत काका म्हणले, "बरं डोकं चाललं तुझं. आमाला उपास धरावा लागला, तू तर डॉक्टरलाच उभा केलास." आणि हसले. सूर्यभान हसला. सिद्ध्या, मी पण हसलो. खोटं कशाला सांगू.

फाट्यावर काकांनी गाडी थांबवली. हॉटेलात गरम भजी निघत होती, कांद्याची. काकांनी तीन प्लेटा सांगितल्या. पौर्णिमा जिंतुरातच राहिली बहुतेक. मी दोन प्लेटा खाल्ल्या, तिसरी मागवली. आणि तोंडात भजं असताना तुझी मोटारसायकल समोर येऊन उभी राहिली.

तू एवढ्या लांब डबा घेऊन आला होतास. टेबलावर ठेवलास आणि म्हणलास, "आईनं दिलाय. मटकी हाय, बिनतेलाची. डॉक्टरनं तेल बंद केलं असंल म्हणली." आमच्या तिघांच्या प्लेटांकडं एकदा बघितलंस. शिवी दिली असतीस तर बरं झालं असतं. काकांना "येतो" म्हणलास, रिवाजाप्रमाणं, आणि गेलास. माझ्याशी त्यानंतर बोलला नाहीस.

तिथपर्यंत तुला माहीत आहे. आता तुला माहीत नसलेलं. तू गेल्यावर काका म्हणले, "ठिव बाजूला ते, गाडीत सांडंल." मी डबा पिशवीत घातला. त्यांच्यापुढं उघडला नाही. म्हणलं, बसमध्ये खाईन. बसमध्ये माणसं होती. म्हणलं, घरी खाईन. घरी राजेश्रीनं विचारलं, "मावशीनं काय काय केलं होतं?" आणि मी म्हणलो, लय जेवलो, येसराची आमटी होती. डबा पिशवीतच राहिला. सकाळी उघडला तर मटकीला वास सुटलेला. भाकरी मऊ होती अजून, कापडात गुंडाळलेली. राजेश्री उठायच्या आत मी सगळं नेऊन उकिरड्यावर टाकलं. भाकरीसुद्धा. ती तरी खायला पाहिजे होती.

त्या रात्रीचा आकडा मॅडमनी विचारला. भज्यांचा हिशोब केला तर दिवसाच्या कॅलरी कधीच ओलांडल्या होत्या, ढेकर थांबत नव्हते. मी एक लिहिला. मॅडम म्हणल्या, "सर, एवढं तळलेलं खाऊन एक कसा?" मी म्हणलो, लिहिताना चुकलं असेल.

मधे तुला कितीदा फोन केला. काय बोलणार होतो, तेही सांगतो. 'गैरसमज झाला' असं म्हणणार होतो. 'खरंच शुगर वाढलीय, भजी ही चूक झाली' असं म्हणून सुटणार होतो. तू फोन उचलला असतास तर मी हेच खोटं तुझ्या गळ्यात मारलं असतं आणि तूही भिडेखातर मान हलवली असतीस. उचलला नाहीस ते बरं झालं.

मग गेल्या बुधवारी मावशीचा फोन आला. शेजारच्या बाईकडून नंबर लावून घेतला होता. "सिद्धूला सांगू नगस, त्यो रागात हाय," म्हणली. मावशी, मी तुझं ऐकलं नाही, मी त्याला लिहितोय.

पहिलं वाक्य काय, तर, "बन्सा, मटकीत मीठ कमी पडलं का रे? घाईत टाकलं मी."

म्हणजे तू तिला काहीच सांगितलं नाहीस. भजी बघून एवढ्या लांब परत गेलास आणि आईला म्हणलास, त्यानं डबा घेतला. मी काय म्हणावं? म्हणलो, "न्हाई मावशी, मीठ बेतात होतं. लय चांगली झालती." मी ती मटकी जिभेवर ठेवलीसुद्धा नव्हती.

मग ती म्हणली, "तुझं तोंड उपाशी दिसायलं होतं रे त्या दिवशी. मला काय कळत न्हाई? तुझा काका बसला होता बाजूला, कसा खाशील तू. म्हणून म्हणलं, डबा द्यावा. कुटं तरी आडबाजूला बसून खाईल लेकरू."

सिद्ध्या, तिनं डाएटवर विश्वास ठेवलाच नव्हता. बिनतेलाची मटकी तिनं तुला सांगायला केली, लोकांना सांगायला केली. मला उघडपणे जेवता येईना म्हणून तिनं मला लपून जेवायची सोय करून दिली. स्वतःच्या पोराच्या नव्या घराच्या दिवशी.

आणि हे तिनं पहिल्यांदा केलेलं नाही. तुला आठवतं, आमच्या वावरात ती खुरपायला यायची. आपण दोघं दुसरी-तिसरीत असू. दुपारी कडब्याच्या गंजीमागं ती फडकं सोडायची, तुला अर्धी भाकर, मला अर्धी, वर ठेचा. स्वतः पाणी पिऊन परत खुरपं घ्यायची. मला तेव्हा वाटायचं, तिला भूकच नसते. खाऊन झालं की पदरानं माझं तोंड पुसायची, "जा आता, मालक बघतील." आबासाहेबांनी कधी बघितलं नाही. मी आजवर कुणाला सांगितलं नाही. राजेश्रीलासुद्धा नाही. तेव्हा मी सात वर्षांचा होतो, भ्यालो तर चालतं. आता मी अठ्ठेचाळीसचा आहे. आबासाहेब जाऊन अकरा वर्षं झाली.

काल मी गावी जाऊन भुजंगकाकांना सांगितलं. म्हणलो, काका, मला कसलं पथ्य नव्हतं, मी उपाशी होतो आणि खोटं बोललो, ते ताट मला पाहिजे होतं. मला वाटलं चिडतील, आकाशपाताळ एक करतील. तर सुपारी कातरत म्हणले, "मग काय झालं? सगळेच बोलतेत. एवढं काय मनाला लावून घ्यायलास?" आणि विहिरीच्या फाईलचं विचारलं. ज्या माणसाला मी एवढा भ्यालो, त्याला त्यात काही वाटलंसुद्धा नाही. मी जीव मुठीत धरून गेलो होतो, चहा पिऊन परत आलो.

हे सगळं लिहून मी माफी मागायलोय असं समज, पण तू लगेच देऊ नकोस. तुझा स्वभाव मला माहीत आहे, तू म्हणशील जाऊ दे. जाऊ देऊ नकोस. मला माझा दोस्त पाहिजे, पण असं पांघरूण घालून नको. कारण अजून एक राहिलंय आणि ते मी चार पानं लिहून टाळलं. तूही ते बघितलंस. मला वाटतं, खरा राग तुला त्याचाच आहे. भज्यांचं तू हसण्यावारी नेलं असतंस.

आम्ही येऊन बसलो तेव्हाची गोष्ट. पंगतीला अजून वेळ होता, वंदना सुरू व्हायची होती. सुकेशनी तांब्या-पेला घेऊन आली. नवीन ड्रेस होता तिच्या अंगावर. म्हणली, "काका, पाणी." मला आधी विचारलं तिनं, कारण आम्हा तिघांत तिच्या ओळखीचा मीच. माझ्या मांडीवर वाढलेली पोर ती. सूर्यभाननं जीपमधून बाटल्या आणल्या होत्या, त्यातली एक माझ्या हातात दिली. मी सुकेशनीपुढं त्या बाटलीचं झाकण फोडलं आणि प्यालो. म्हणलो, "राहू दे बेटा, हाय माझ्याकडं." ती तांब्या तसाच धरून उभी राहिली, मग तुझ्याकडं बघितलं तिनं. तू दारात होतास.

जेवणाला डाएट सांगता येतं. शुगर सांगता येते, डॉक्टर सांगता येतो. पाण्यात कॅलरी नसतात, सिद्ध्या. एकसुद्धा नसते. नववीच्या पोरांना मीच शिकवतो.

येत्या रविवारी सकाळच्या बसनं येतो. मावशीला डब्याचं खरं सांगायचंय, तिला वाईट वाटलं तरी. आणि सुकेशनीपुढं उभं राहायचंय. तिला काय म्हणायचं ते मला अजून सुचलेलं नाही. तू दारातूनच जा म्हणलास तर जाईन, तोंडातून शब्द काढणार नाही. फक्त दारात तू ये, वहिनींना पाठवू नकोस.

मावशीला माझा दंडवत सांग. नाही सांगितलास तरी चालेल.

तुमच्या भरल्या घरातून स्वतःच्या करणीनं उपाशी, तहानलेला गेलेला,
बन्सा